विळीने बोट कापलं, पाच टाके पडलेत. घरी ड्रेसिंग कसं करायचं?

अबोली_फुल

आईच्या डाव्या तर्जनीला परवा संध्याकाळी विळी लागली. लाल भोपळा चिरताना फोड सटकली आणि बोट थेट पात्यावर गेलं. जखम तळहाताच्या बाजूला, मधल्या पेरावर, तिरकी, साधारण अडीच सेंटिमीटर. एक टोक मधल्या सांध्याच्या वळीपर्यंत आलंय. कॅज्युअल्टीत जखम धुऊन काळ्या नायलॉनचे ५ टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. "दोन दिवसांनी ड्रेसिंग बदला, दहा दिवसांनी टाके काढायला या" एवढंच सांगितलं.

आई ६१ वर्षांची, उजखोरी, मधुमेह आहे, गोळ्या चालू. आज ड्रेसिंग बदलायचंय. मलम कोणतं? बीटाडीन की सोफ्रामायसिन? पाणी लागू द्यायचं का? बोट हलवायचं की ताठ ठेवायचं? शेजारच्या काकू म्हणतात हळद दाबा आणि भात, आंबट बंद करा. घरात रोज ड्रेसिंग करायला मीच आहे, जवळच्या दवाखान्यात फार गर्दी असते.

आणि हो, बोटाची अंगठ्याकडची बाजू शेंड्यापर्यंत बधिर आहे म्हणते. भुलीचा अंमल असेल ना?

ड्रेसिंगरूमची_ताई

अबोली, शेवटच्या ओळीवर आधी. ती भूल नाही. साधी लिग्नोकेन दोनेक तासांत उतरते, ब्युपिव्हॅकेन दिलं असेल तर अर्धा दिवस, फार तर थोडं जास्त. तिसऱ्या दिवशी बोट बधिर असेल तर कारण वेगळं. त्यावर हातांचं काम करणारे कोणी बोलतील, पण ते बाजूला टाकू नका.

आता ड्रेसिंग. मेडिकलमधून आणायचं सामान: निर्जंतुक गॉजचं पाकीट, व्हॅसलीन लावलेली जाळीदार पट्टी (पॅराफिन गॉज म्हणून मागा), २ इंची रोलर बँडेज, १ इंची मायक्रोपोर, १०० मिलीची नॉर्मल सलाइनची बाटली. कापूस आणू नका. त्याचे तंतू टाक्यांच्या गाठीत अडकतात आणि मग ते चिमट्याने वेचत बसावं लागतं.

ताटाखाली धुतलेला कपडा अंथरा, पट्ट्या आधीच कापून ठेवा, कात्री स्पिरिटने पुसा. हे सगळं झाल्यावर साबणाने हात धुवा. बरेच जण आधी हात धुतात आणि मग त्याच हातांनी कपाटं उघडत बसतात.

जुनी पट्टी सोडताना शेवटचा थर रक्ताने चिकटलेला असणार. ओढू नका. सलाइनने भिजवून पाच ते दहा मिनिटं थांबा, आपोआप सुटते. नाही सुटली तर पुन्हा भिजवा. ओढली की नुकती धरलेली कड उघडते, रक्त येतं, आणि ते बघून घरचे घाबरून दुप्पट घट्ट बांधतात.

पहिले ४८ तास कोरडं ठेवायचं असतं, ते झाले. आता जखम धुतली तर चालते, किंबहुना धुवावी. पिण्यायोग्य नळाचं पाणी बारीक धारेने सोडा, साध्या साबणाचा फेस करून टाक्यांवरून हलक्या हाताने फिरवा, अर्धा मिनिट पुरे. बोअरचं किंवा टाकीचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं घ्या. फक्त बुडवून ठेवू नका. भांडी घासणं, कपडे भिजवणं, पीठ मळणं हे सगळं टाके निघेपर्यंत बंद. गॉजने टिपून घ्या, घासू नका, आणि दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या.

टाक्यांवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. त्यावर पॅराफिन गॉजचा तुकडा, जखमेच्याच आकाराचा. सगळ्या बोटाला गुंडाळला तर चांगली कातडी ओली राहून पांढरी, लिबलिबीत होते, तिथून टाके कातडी कापत सुटतात. वर दुहेरी गॉज, मग रोलर बँडेज. २ इंची बँडेज मधोमध कापून १ इंची करा. शेंड्याकडून तळाकडे, तिरके वेढे, दोन थर. नखाचा शेंडा उघडा ठेवा.

चिकटपट्टी बोटाभोवती गोल, कडं घातल्यासारखी कधीच नको. लांबीने किंवा नागमोडी लावा. बोटाची सूज रात्रीतून वाढते, चिकटपट्टी वाढत नाही, आणि सकाळी बोट जांभळं असतं. बांधून झालं की नख दाबून पांढरं करा आणि सोडा: दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. ठणका वाढला, शेंडा गार पडला, मुंग्या आल्या तर पट्टी सोडा, गोळी देऊन वाट बघू नका.

त्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढल्यात का? नसतील तर आजच. साबण लावूनही निघत नसेल तर सोनाराकडे कापून घ्या.

ड्रेसिंग दिवसातून एकदा. ओलं झालं तर लगेच. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी, मनगटाशी मायक्रोपोरने बंद करा, रबरबँडने आवळू नका.

औषधदुकान

मलमाबद्दल. टाके घातलेल्या स्वच्छ जखमेला अँटिबायोटिक मलम लागतंच असं नाही, साधं व्हॅसलीन तेवढंच काम करतं: कड ओलसर ठेवणं. सोफ्रामायसिनमधलं फ्रॅमायसेटिन आणि इतर मलमांतलं निओमायसिन ही एकाच घराण्यातली. काहींना त्यांची अ‍ॅलर्जी येते, चार-पाच दिवसांनी खाज, लाली, बारीक पुटकुळ्या. घरचे म्हणतात "पिकलं" आणि आणखी थापतात. लाली मलम लावलेल्या भागाच्याच आकाराची असेल आणि दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल तर आधी मलम बंद करून बघा.

बीटाडीन पहिल्या दिवशी ठीक. रोज लावायची गरज नाही, भरत्या जखमेच्या नव्या पेशींनाही ते त्रास देतं. शिवाय त्याच्या तपकिरी रंगात लाली दिसत नाही, आणि तुम्हाला रोज बघायची असते ती लालीच. हळदीचंही तेच. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण टाक्यांत बसतात, आणि पिवळ्या रंगाखाली काय चाललंय ते डॉक्टरलाही कळत नाही. दुधातून हवी तेवढी द्या. चुना, कॉफी, टूथपेस्ट यांच्याबद्दल लिहीत नाही, पण चुन्याने भाजतं एवढं लक्षात असू द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट आणि डेटॉल जखमेत नकोत.

दुखण्यावर पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसाला चारच्या वर नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मधुमेहात मूत्रपिंड तपासल्याशिवाय स्वतःहून देऊ नका. अँटिबायोटिक दिलंय तेवढे दिवस पूर्ण करा, पण "अजून पाच दिवस घेऊ का" म्हणून दुकानातून वाढवू नका.

धनुर्वाताचं: हल्ली टीटीऐवजी टीडी असतं, घटसर्पासकट. कागदावर तारीख लिहून घ्या. लहानपणापासून किमान तीन डोस झालेत की नाही हेच माहीत नसेल तर एकाने भागत नाही, पुढचे दोन कधी घ्यायचे ते विचारा.

भात आणि आंबट यांनी पू होतो हे आमच्या दुकानात रोज ऐकायला मिळतं. पू जंतूंमुळे होतो. जखम भरायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं, म्हणजे डाळ, अंडी, दही, आवळा, लिंबू. आंबट बंद करून आपण नेमकं तेच कापतो. भाताचा प्रश्न फक्त साखरेपुरता: जेवणानंतरची साखर १८० च्या आत राहील एवढा भात चालेल. साखर चढी राहिली तर जखम रेंगाळते. हे दोन आठवडे घरच्या मशिनवर एक दिवसाआड तरी बघा.

आईंना मशेरीची सवय असेल तर ती आत्ता बंद, आणि त्या बोटाने तर अजिबात नाही. तंबाखू ओढा, चघळा किंवा घासा, निकोटीन बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतंच.

हातावरच्या_रेषा

वरचं ड्रेसिंग उत्तम सांगितलंय. पण मला या धाग्यात काळजी टाक्यांची नाही, त्या बधिर बाजूची आहे. घरी चार गोष्टी बघून इथे लिहा. जोर लावून काहीही करायचं नाही.

एक, मधलं पेर दोन्ही बाजूंनी धरून ठेवा आणि आईंना फक्त शेंड्याचं पेर वाकवायला सांगा. पूर्ण नको, थोडं हललं तरी कळतं. खोल स्नायूरज्जू (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडून बोट वाकवणारी दोरी) शाबूत आहे का, ते यावरून समजतं. नुसती मूठ वळवून बघण्यात अर्थ नाही, बाकीची बोटं ते बोट सोबत ओढून नेतात.

दोन, डोळे मिटायला सांगा. कागदाची यू-पिन उघडून तिची दोन टोकं ५-६ मिलिमीटर अंतरावर ठेवा. शेंड्याच्या गादीवर, बोटाच्या लांबीच्या दिशेने, कातडी जेमतेम पांढरी पडेल एवढंच टेकवा. कधी दोन टोकं, कधी एक. आधी करंगळीकडची बाजू, मग अंगठ्याकडची, मग दुसऱ्या हाताची तर्जनी. मधुमेहात दोन्ही हातांची संवेदना मुळातच कमी असू शकते, म्हणून तुलना त्याच बोटाच्या दुसऱ्या बाजूशी करायची.

तीन, गुळगुळीत प्लास्टिकच्या पेनची नळी शेंड्याच्या दोन्ही बाजूंवरून हलकेच सरकवा. चांगल्या कातडीवर घामामुळे किंचित अडते. मज्जातंतू तुटलेल्या भागाला घाम येत नाही, पेन तिथे सुळकन जातं. रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून नसल्यामुळे ही खूण मला सगळ्यात आवडते.

चार, कापलं तेव्हा रक्त नुसतं वाहत होतं की चिळकांडी उडत होती?

अबोली_फुल

सगळ्यांचे आभार. पट्टी बारा मिनिटं भिजवली तेव्हा सुटली. टाके कोरडे आहेत, कडेला जेमतेम लाली, पू नाही. अंगठी काढली.

शेंड्याचं पेर वाकतं, दोन्ही वेळा नीट वाकलं. करंगळीकडच्या बाजूला आईने एक-दोन बरोबर ओळखलं. अंगठ्याकडच्या बाजूला पिन टेकलेलीच कळत नाही. पेन त्या बाजूला खरंच सरकन जातं, मी तीनदा बघितलं. आणि चिळकांडी उडाली होती, ओट्यामागच्या टाइल्सवर डाग होते.

नख मात्र दाबून सोडलं की लगेच गुलाबी होतं, मग रक्तपुरवठा ठीक आहे ना?

हातावरच्या_रेषा

रक्तपुरवठा ठीक आहे, कारण बोटाला दोन धमन्या असतात आणि एकीवर भागतं. पण चिळकांडीवरून दुसरी गोष्ट कळते. बोटात मज्जातंतू तळहाताच्या बाजूला असतो आणि धमनी त्याच्या मागे. पातं तळहाताकडून आत जाऊन धमनीपर्यंत पोचलं, म्हणजे वाटेत आधी मज्जातंतू लागलाच. बधिर बाजू, घाम नाही आणि चिळकांडी हे तिन्ही एकत्र असेल तर तो मज्जातंतू कापला गेलाय असंच धरून चालायचं.

कॅज्युअल्टीत हे निसटतं, कारण भूल दिल्यावर संवेदना तपासता येत नाही, आणि भूल देण्याआधी तपासायचं त्या घाईत राहून जातं. रागावत बसण्यापेक्षा पुढचं करा.

या आठवड्यातच हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनला दाखवा. टाके काढायच्या दिवसाची वाट बघू नका. ताजा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली केसापेक्षा बारीक धाग्याने टोकाला टोक लावून शिवता येतो. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत हे सोपं जातं. उशीर झाला की टोकं मागे सरतात, गाठाळतात, आणि मग मधे दुसरीकडचा तंतू जोडावा लागतो. शिवल्यावरही संवेदना लगेच येत नाही: तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतो, म्हणजे मधल्या पेरापासून शेंड्यापर्यंत काही महिने. ६१ व्या वर्षी पूर्ववत होईल असं कोणी सांगू नये, पण न शिवलेल्या तंतूच्या टोकाला दुखरी गाठ होण्याचा धोका कमी होतो आणि चिमटीत धरायची बाजू थोडीफार परत मिळते. सुई ओवणं, शर्टाचं बटण लावणं, लसूण सोलणं या सगळ्याला तर्जनीची अंगठ्याकडचीच बाजू लागते. डावा हात आहे, शस्त्रक्रिया नको असं आई म्हणू शकतात, तोही निर्णय योग्य ठरू शकतो. फक्त तो आत्ता, माहितीने घेतलेला असावा.

सोबत कॅज्युअल्टीचा कागद, गोळ्यांची यादी आणि साखरेचे आकडे न्या. विळीचं पातं अखंड होतं ना? टवका उडाला असेल तर एक्स-रे सांगा, लोखंड त्यात लगेच दिसतं.

तोवर ती बाजू गरम भांड्यापासून जपा. कढईचा कान, वाफ, तव्याची कड, काही कळणार नाही आणि फोड आल्यावर दिसेल.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण ती आठवड्यावर ढकलता येत नाही. बोट आखडून किंचित वाकलेलंच राहणं, पूर्ण बोट एकसारखं सुजणं, तळहाताच्या बाजूने स्नायूरज्जूच्या वाटेवर दाबलं की दुखणं, आणि कोणी बोट सरळ करायला गेलं की कळ येणं. अमेरिकी शल्यविशारद कॅनाव्हल यांच्या नावाने या चार खुणा ओळखल्या जातात. यातली एक-दोन दिसली तरी रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठायचं. पू रज्जूच्या नळीत शिरलेला असतो आणि तिथे गोळ्या पोचत नाहीत, नळी उघडून धुवावी लागते. मधुमेहात ताप यायची वाट बघू नये, कधी कधी येतच नाही. हातावर वर चढणारी लाल रेघ, दोन दिवस कमी होऊन पुन्हा वाढलेला ठणका, घाण वास, हेही तसंच.

बोटचेपे_धोरण

हालचालीचा प्रश्न राहिला. (हँड थेरपी हा पेशा, नाव गमतीने घेतलंय.)

तंतूबाबत सर्जन काय ठरवतात ते कळेपर्यंत मधला सांधा फार वाकवू-ताणवू नका. जखम त्याच वळीवर आहे. पण खांदा, कोपर, मनगट आणि बाकीची तीन बोटं आजपासून हलवा, दर जागत्या तासाला पाच-सहा वेळा. आपल्याकडे एक बोट दुखलं की माणूस सगळा हात छातीशी धरून बसतो आणि तीन आठवड्यांनी खांदा आखडलेला घेऊन येतो, मधुमेहात तर हमखास. रात्री हात उशीवर, हृदयाच्या वर. झोळी बांधलीच तर हात छातीच्या वर येईल अशी बांधा, पोटाशी लोंबणारी झोळी सूज वाढवते.

शस्त्रक्रिया झाली तर दोन-तीन आठवडे बोट पट्टीत असेल, व्यायाम तिथले लोक सांगतील. नाही झाली आणि रज्जू शाबूत असेल तर हळूहळू वाकवणं लगेच सुरू करायचं, टाके असतानाच, दुखेल त्याच्या अलीकडे थांबत. बोटाचा मधला सांधा ताठ राहिला की त्याचे बंध आखडतात, आणि जखम छान भरलेली असूनही मूठ वळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बोटांत ही तक्रार सगळ्यात जास्त.

टाके निघून कातडी पूर्ण मिटली, खपली पडली, की साधारण दोन आठवड्यांनी व्रणावर मालिश. खोबरेल तेलाचा एक थेंब, अंगठ्याने गोल गोल, खालची कातडी हलेल एवढा दाब, पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. वळीवरचा व्रण आखडून बोट ओढून धरतो, त्यासाठी हे. पुढे संवेदना परतताना मुंग्या, विजेसारख्या चमका, नुसता कपडा लागला तरी शिरशिरी असं होतं. तेव्हा बोट लपवायचं नाही, सवय लावायची: आधी मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग वाटीभर रव्यात बोट फिरवायचं, मग तांदळात, मग राजम्यात. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं.

अबोली_फुल

पातं अखंड आहे, बघितलं. उद्या सकाळची प्लास्टिक सर्जनची वेळ मिळाली. एकच विचारते, शस्त्रक्रिया नाही ठरली तर टाके दहाव्या दिवशीच काढायचे का? आणि स्वयंपाकाला कधी हात लावू द्यायचा, ती ऐकत नाही.

ड्रेसिंगरूमची_ताई

सांध्याच्या वळीजवळ, त्यात मधुमेह, म्हणून १२ ते १४ दिवस धरा. दहाव्या दिवशी गेलात तर एक सोडून एक टाका काढून बाकीचे चार दिवसांनी काढता येतील का, ते विचारा. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही, तेव्हा कातडीची ताकद मूळच्या दहाव्या हिश्शाएवढी जेमतेम असते. वर आडव्या कागदी पट्ट्या आठवडाभर ठेवा आणि नारळ फोडणं, पिळणं, जड कुकर उचलणं आणखी तीन-चार आठवडे नको.

स्वयंपाक टाके असेपर्यंत नको, ते फक्त बोटासाठी नाही. जखमेतले जंतू पिठात, कोशिंबिरीत जातात आणि घरभर उलट्या होतात. उजव्या हाताने फोडणी हलवायला हरकत नाही, डावा हात ओट्यापासून लांब. हातमोजा घालायचाच झाला तर नायट्राइलचा, वीसेक मिनिटं, आत घाम आला की काढून ड्रेसिंग बदलायचं. कच्ची मासळी सगळ्यात शेवटी, कातडी पूर्ण मिटल्यावर. कोळंबी सोलताना काटा रुतला की वेगळेच जंतू जातात आणि अर्धवट भरलेल्या बोटाला ते सोसत नाहीत. विळी माळ्यावर टाका आणि सुरी-फळी आणा, भोपळा आधी मधोमध कापून त्याची सपाट बाजू खाली ठेवायची म्हणजे गडगडत नाही.